सायलेन्सरचे दोन नट

आम्ही विट्याकडचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याचा धंदा घेऊन सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभर पांगली. आमचं घर चेन्नईच्या सौकारपेटेत येऊन स्थिरावलं. मिंट स्ट्रीटच्या आतल्या एका गल्लीत तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, भट्टी आहे. तिच्या दाराशी माझी शंभर सीसीची मोटरसायकल उभी असते, गावाहून रेल्वेच्या पार्सलने आणलेली.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने शहरात पाणी भरलं, तेव्हा गाडी सायलेन्सर बुडेल एवढ्या पाण्यात होती. धुऊन-पुसून ती चालू झाली. पण नंतर इंजिनापाशी फट-फट आवाज येऊ लागला. बेंड पाइप इंजिनाच्या हेडला जिथे मिळतो, तिथली पॅकिंगची कडी गेली होती. काम ऐकायला सोपं होतं: दोन नट सोडायचे, पाइप खाली घ्यायचा, कडी बदलायची, नट पुन्हा आवळायचे. पाना लावल्यावर दोन्ही नट जागचे हलले नाहीत. मग मी गाडी रॉयपुरमच्या एका वयस्क मेकॅनिककडे नेली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी मला बाकड्यावर बसवून ठेवलं नाही, शेजारी उकिडवं बसवलं आणि हाताशी घेतलं. त्या दोन नटांनी जे शिकवलं, ते इथे क्रमाने मांडतो आहे. तुमच्या घरात तो नट कदाचित नळाचा असेल, शिलाई मशीनचा असेल किंवा गच्चीवरच्या टाकीचा.

१. समुद्र दिसत नसला तरी तो घरात असतो. मी दुष्काळी तालुक्यात वाढलो. तिथे नांगराचा लोखंडी फाळ अंगणात पडून राहिला तरी वरवर लाल होऊन थांबतो. चेन्नईत तसं नाही. आमच्या गल्लीतून समुद्र दिसत नाही, पण बंदर आणि कासिमेडूचा मासळीबाजार दोन्ही जवळ, आणि वाऱ्यातून येणारं मीठ प्रत्येक वस्तूवर बसतं. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. त्या खारट ओलाव्याच्या थरात लोखंड झपाट्याने झिजतं. त्यातून सायलेन्सरच्या नटाची परिस्थिती सगळ्यात वाईट. इंजिन चालू असताना तो काहीशे अंशांपर्यंत तापतो, बंद झालं की गार होतो, आणि गार होताना दमट हवा आट्यांच्या फटींत शिरते. हे रोज, दिवसातून कितीतरी वेळा. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. नट आणि स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा, यांच्या मधली केसभर फट तो भरून काढतो आणि दोघांना आतून एकमेकांवर दाबून धरतो. म्हणून पाना फिरत नाही. बाहेर जो तपकिरी पापुद्रा दिसतो तो या कामात फारसा महत्त्वाचा नसतो. खरं जखडणं आत, न दिसणाऱ्या आट्यांमध्ये झालेलं असतं.

माझ्या गाडीच्या गंजाला आणखी एक कारण होतं, आणि ते अण्णांनी वासावरून ओळखलं. “सेट, तुमच्या दुकानात आसिड आहे ना?” त्यांनी विचारलं. गलाईत चांदी वेगळी करायला तेजाब लागतं, म्हणजे नायट्रिक ॲसिड. ते धातूवर पडलं की तांबूस-तपकिरी धूर उठतो. धुराडं असलं तरी थोडा धूर दाराबाहेर येतोच, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसतो. नेमका मोटरसायकलच्या उंचीवर. ज्या धुराने आमचं घर चाललं तोच रोज माझ्या गाडीवर उतरत होता, हे इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता गाडी दोन दुकानं सोडून लावतो.

२. गंजाशी झुंजणारं हे शहरच नट-बोल्ट घडवतं. याचा मला फार अचंबा वाटला. पाडीला सुंदरम फास्टनर्सचा कारखाना १९६६ पासून नट-बोल्ट करतो. तिरुवोट्टियूरला १९५५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रेडिच इथल्या कारखान्याशी भागीदारी करून बुलेट मोटरसायकल जुळवायला सुरुवात झाली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला आणि तिरुवोट्टियूरची बुलेट चालू राहिली. एन्नोरला अशोक लेलँडचा कारखाना आहे. म्हणजे ज्या किनाऱ्यावर लोखंड टिकायला सगळ्यात अवघड, तिथेच देशाची वाहनं उभी राहिली. अण्णांसारखी माणसं त्या कारखान्यांच्या सावलीत कामं शिकली. त्यांच्या हाताला खाऱ्या हवेतलं लोखंड कसं वागतं हे ठाऊक आहे. पुण्याच्या किंवा सांगलीच्या गॅरेजमध्ये इतका सराव होण्याचं कारणच नाही.

३. वाचवायचं काय आणि सोडायचं काय, हे पाना हातात घेण्याआधी ठरवावं लागतं. माझं सगळं लक्ष नटावर होतं. नट नीट निघाला पाहिजे, त्याचे कोपरे घासले जाऊ नयेत. अण्णांनी नटाकडे पाहिलंही नाही. ते स्टडचं टोक निरखत होते. नट दोन-चार रुपयांचा. स्टड त्याहून महाग, पण तोही बदलता येतो. स्टड ज्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवलेला आहे, तिथले आटे गेले तर हेड उतरवून लेथवर न्यावं लागतं. म्हणून नट मेला तरी चालेल, स्टडला शक्यतो जपायचं आणि हेडला कोणत्याही परिस्थितीत. हा क्रम एकदा मनात बसला की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो: नट कापायचा का, तर हो, खुशाल. हॅक्सॉच्या पात्याचं एक टोक कापडात गुंडाळून नटाच्या एका बाजूने, स्टडला समांतर, आट्यांपर्यंत चर पाडायचा, मग छिन्नीचा एक नेमका ठोका. नट उलगडतो आणि स्टडला खरचटतही नाही. हेडवर मात्र छिन्नी टेकवायची नाही, तिथे ठोकायचं नाही, पाइप पकडून हिसके द्यायचे नाहीत. गलाईतही आम्ही हेच करतो, चांदी विरघळू देतो आणि सोनं राखतो. तरीही इथे कुठलं सोनं आणि कुठली चांदी हे मला दुसऱ्याने दाखवावं लागलं.

४. तेलाचं काम वेळ करतो. दुकानात डब्ल्यूडी-४० चा डबा होता. हे द्रव्य १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथे तयार झालं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला पाणी लागून गंज चढू नये म्हणून. पाणी हटवणं हे त्याचं मूळ काम. अण्णा त्याला नाकारत नाहीत, पण त्यांचा विश्वास रॉकेल आणि पातळ तेलाच्या मिश्रणावर, कारण ते स्वस्त आहे आणि सढळ हाताने लावता येतं. मात्र आधी तारेचा ब्रश. नटाच्या वर निघालेले स्टडचे आटे मोकळे, चमकेपर्यंत स्वच्छ करायचे. ते तसेच राहिले तर आतला गंज सुटूनही नट वरच्या घाणीत अडकतो आणि पुन्हा जाम होतो. माझ्यासारखे घाईचे लोक ही पायरी हमखास गाळतात. ब्रशनंतर तेल, त्यानंतर छोट्या हातोडीचे हलके ठोके, नटाच्या सपाट बाजूंवर, फिरत-फिरत. ठोक्याने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते. मग गाडी तशीच सोडून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. मधे इंजिन थोडा वेळ चालवून गार होऊ द्यायचं, म्हणजे ताप-गारव्यात फट उघडते-मिटते आणि तेल खेचलं जातं.

या काळात मला काही “करावंसं” वाटत होतं आणि अण्णांना वाटत नव्हतं. “पोरुमै, सेट,” ते म्हणत, धीर धरा. त्यांच्याकडे दहा गाड्या रांगेत असूनही माझ्या दोन नटांना मुरू देण्याइतकी सवड त्यांनी काढली. इतक्या गर्दीतल्या माणसाकडे एवढी सवड कशी, याचा मी अजून विचार करतो.

५. पाना मोठा असण्यापेक्षा नेमका असावा. लहान गाड्यांवर सहसा सहा किंवा आठ मिलिमीटरचा स्टड असतो. सहाच्या स्टडवर दहाचा नट. एवढ्या बारीक स्टडला लांब दांडीचा पाना लावला की हाताला कळायच्या आत तो पिळला जातो. दोन जबड्यांचा फिक्स पाना तर इथे हद्दपार करावा, कारण तो दोनच कोपऱ्यांवर जोर देतो आणि कोपरे गोल करतो. सहा बाजूंची गोटी, म्हणजे सॉकेट, किंवा दहाचा टी पाना सगळ्या बाजूंना सारखा धरतो. गंजाने नट थोडा लहान झालेला असतो, म्हणून सैल वाटणाऱ्या गोटीपेक्षा हलका ठोका देऊन घट्ट बसणारी गोटी बरी. जुन्या येझदी मोटरसायकलला तर नटच नसतात. हेडच्या तोंडावर आटेवाली मोठी कडी असते आणि ती फिरवायला आकड्याचा पाना लागतो. अण्णांकडे तसला एक भिंतीला टांगलेला आहे. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तरी तो पाना अजून उतरतो.

६. नट सुटतो आहे की स्टड तुटतो आहे, हे हाताला आधी कळतं. हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त आवडलं. टी पान्याची दांडी दोन्ही तळहातांत समान धरायची, म्हणजे जोर एका बाजूला जात नाही. पहिला जोर सोडण्याच्या दिशेला देऊ नये. अगदी किंचित आवळण्याच्या दिशेला द्यावा. त्याने गंजाचा थर आधी फुटतो. मग उलट दिशेने. सुटणारा नट आधी काहीच करत नाही. जोर वाढत जातो, वाढत जातो, आणि मग एक कोरडा “कट्” आवाज येतो. दाताखाली खडा फुटावा तसा. तो आवाज आला की थांबायचं. तेल घालायचं, पाव फेरा सोडायचा, अर्धा पाव पुन्हा आवळायचा. गंजाची पूड अशी मागे-पुढे दळली जाते आणि बाहेर येते. सरळ सोडत गेलात तर तीच पूड पुढच्या आट्यांत रुतते.

तुटणारा स्टड याच्या उलट. तो काही बोलत नाही. पाना फिरतो, पण मऊसर, रबरासारखा. जोर तेवढाच लागतो आणि कोन मात्र वाढत जातो. सोडून दिलं की पाना थोडा मागे येतो. हाच इशारा. अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवून हा फरक दाखवला, आधी एका भंगार हेडवर मुद्दाम एक स्टड पिळून. मऊपणा सुरू झाला तिथे त्यांनी माझा हात दाबला, आणि पुढच्या पाव फेऱ्यात स्टड तुटून हातात आला. पुस्तकात कुणी लिहिलं असतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. आता तो फरक मनगटाला ठाऊक आहे.

आणखी एक खूण. काम सुरू करण्याआधी ते स्टडच्या टोकापासून नटाच्या तोंडापर्यंत टोच्याने एक बारीक रेघ ओढतात. नट फिरला आणि रेघ मोडली, तर नट सुटतो आहे. रेघ सरळ राहिली आणि दोन्ही मिळून फिरले, तर स्टडच हेडमधून निघतो आहे. त्यात वाईट काही नाही. सगळं मिळून बाहेर घ्यायचं आणि बाकड्यावर व्हाइसमध्ये धरून वेगळं करायचं. आधी रेघ नसेल तर हे दोन्ही प्रकार डोळ्याला सारखेच दिसतात.

७. आगीची ओळख असणं आणि सगळ्या धातूंची ओळख असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आवाज न येणाऱ्या नटासाठी शेवटी आच लागते. आच म्हटल्यावर मला वाटलं, आता माझं काम. लहानपणापासून मूस पाहतो आहे. टाकणखार टाकून सोनं वितळताना त्याचा रंग कसा पालटतो, चांदी कधी आरशासारखी होते, हे तात्या न बोलता शिकवतात. सोनं १०६४ अंशांना वितळतं, चांदी ९६२ ला, आणि दोन्ही आधी रंगाने सांगतात. मी गॅसची टॉर्च हातात घेतली आणि नट लालसर होण्याची वाट पाहायची म्हणून ज्योत स्थिर धरली. अण्णांनी माझं मनगट बाजूला केलं.

शेजारचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी रंग बदलत नाही. तांबडं होत नाही, केशरी होत नाही. राखी दिसतं, राखी दिसतं, आणि खाली बसतं. लोखंड जेव्हा पहिला मंद तांबडा रंग धरतं, साधारण त्याच तापमानाला ॲल्युमिनियम संपलेलं असतं. माझ्या डोळ्यांना जो इशारा पाहायची सवय होती, तो इशारा इथे येतच नाही. भट्टीत वर्षानुवर्षं कमावलेली नजर मला नेमक्या या जागी दगा देणार होती, हे कळल्यावर मी बराच वेळ गप्प होतो.

अण्णांची रीत अशी: लहान ज्योत, फक्त नटावर, थोडाच वेळ, आणि हेडपासून दूर तोंड करून. नट झटकन तापतो, आतला स्टड त्यामानाने गार असतो, म्हणून नट किंचित मोठा होतो आणि गंजाची पकड तुटते. लगेच मेणबत्तीचं टोक नटाला लावायचं. मेण वितळून आट्यांत खेचलं जातं. मग पाना. स्टडच काढायचा असेल तर उलट, आच हेडला, तीही भटकती आणि सौम्य, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि भोक स्टडपेक्षा मोठं होतं. आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवून दूर ठेवायची. आधी मारलेलं तेल पुसून कोरडं करायचं. हे शेवटचं मला सांगावं लागलं नाही. आगीजवळचं काम आमच्या घरात असंच चालतं.

पहिला नट आच आणि मेणाने सुटला. “कट्” आवाज आला तेव्हा अण्णा हसले नाहीत, फक्त तेलाची बाटली पुढे केली.

८. तुटलेली वस्तू कधी तुटली, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं असतं. दुसऱ्या बाजूचा स्टड तेल, ठोके, आच सगळं देऊनही तुटला. मला फार वाईट वाटलं. अण्णांनी तुटका तुकडा उजेडात धरला आणि मला दाखवला. गोल तोंडापैकी बहुतेक भाग काळपट-तपकिरी होता, जुना गंज आत मुरलेला. एका काठाला चंद्रकोरीएवढी पट्टी तेवढी चकचकीत पांढरी. ती पट्टी आज तुटली होती. बाकीचा भाग केव्हाच तडकला होता, आणि आत खारं पाणी शिरून गंजत होता. पूर्वी कुणीतरी, कुठल्याशा गॅरेजमध्ये, प्रमाणाबाहेर आवळला असावा. सायलेन्सर इतके दिवस त्या चंद्रकोरीवर तोलून होता. आमच्या हाताने झालं ते इतकंच की ते उघड झालं. या दृष्टीने तुटलेल्या गोष्टींकडे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आता घरात काही मोडलं की आधी मोडलेली जागा बघतो. बहुतेक वेळा तिथे जुना डाग सापडतो.

९. आपल्या धंद्यातलं उत्तर दुसऱ्याच्या धंद्यात नेताना सगळी सामग्री मोजून घ्यावी. हेडमध्ये रुतून बसलेला तुटका स्टड कसा काढायचा, यावर मला एक कल्पना सुचली. घड्याळजी लोक पितळी भागात तुटलेला पोलादी स्क्रू काढायला तुरटी वापरतात. गरम तुरटीच्या पाण्यात लोखंड हळूहळू विरघळून जातं आणि पितळ तसंच राहतं. ॲल्युमिनियमलाही तुरटी फारसं काही करत नाही. म्हणजे एक धातू विरघळवायचा आणि दुसरा राखायचा; आमच्या गलाईचंच तत्त्व. मी उत्साहाने सांगितलं. अण्णांनी मनापासून ऐकलं, थोडा वेळ विचार केला, मग हेडच्या आत बोट घालून व्हॉल्व्हची सीट दाखवली. ती लोखंडी. हेड बुडवलं तर स्टडबरोबर सीटही खाल्ली जाईल. स्टडभोवती मातीचा बांध घालून फक्त तेवढ्याच जागी पाणी ठेवता येईल, पण ते तासन्‌तास गरम कसं ठेवायचं? कल्पना चुकीची नव्हती, त्या हेडला लागू नव्हती. मला आनंद याचा की त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही. “घड्याळजीला विचारतो एकदा,” असं म्हणून त्यांनी ती लक्षात ठेवली.

शेवटी हेड पुदुपेट्टैच्या एका लेथवाल्याकडे गेलं. पुदुपेट्टै म्हणजे एग्मोरजवळ, कूवम नदीच्या अंगाला असलेला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे लेथवाल्याने तुटक्या स्टडच्या अगदी मध्यावर खूण केली, आणि सगळा वेळ त्या खुणेतच घालवला. ड्रिल केसभर सरकलं तर ते पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. सहाच्या आट्यांसाठी पाच मिलिमीटरचं भोक, मग आटे पाडायचा टॅप, प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला मागे घेऊन कीस काढत. तुटके स्टड काढायला मिळणारा उलट आट्यांचा काटा त्याने वापरला नाही. तो फार कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला की त्याला ड्रिलही लागत नाही. गंजलेल्या लहान स्टडसाठी तो त्याला नकोसाच वाटतो, आणि त्याचं कारण मला पटलं.

१०. गंज कायमचा जिंकता येत नाही. त्याच्याशी वर्षानुवर्षं व्यवहार ठेवावा लागतो. आई-आप्पांना रामेश्वरला नेलं तेव्हा रेल्वेगाडी पांबनच्या जुन्या पुलावरून गेली होती. १९१४ चा पूल, दोन किलोमीटरहून लांब, खाली उथळ हिरवा समुद्र. १९६४ च्या वादळाने त्याची मोठी पडझड केली, नंतर त्याची दुरुस्ती झाली, आणि तेव्हापासून त्याला सतत खरवडणं आणि रंगवणं चालू होतं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची रेल्वे थांबवावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला. शंभराहून अधिक वर्षं तो टिकला, कारण कुणीतरी दरवर्षी ब्रश घेऊन त्याच्यावर चढत होतं. आप्पांनी खिडकीतून हात जोडले होते ते समुद्राला. आज गेलो तर मी पुलालाही जोडीन, आणि त्याला रंग देणाऱ्यांना.

११. पुन्हा जोडणं हे सोडण्याहून निम्म्या वेळाचं काम असतं, म्हणून त्यात कसूर होते. आम्ही नवे स्टड घातले. नट मात्र लोखंडी घेतले नाहीत, पितळी घेतले. पितळ स्टडला गंजून चिकटत नाही, आणि जोर जास्त झालाच तर मऊ असल्याने त्याचेच आटे जातात, स्टडचे राहतात. जनरल पॅटर्स रोडवर मागताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. “सहा एमेम, आटे एकचे, पितळी, उंच नट” असं सांगावं, आणि जुना स्टड बरोबर न्यावा. स्टेनलेसचे नट चकचकीत दिसतात, म्हणून मोह होतो. पण पेस्टशिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस आवळलं की आटे एकमेकांत रुततात आणि मग गंजापेक्षा वाईट अवस्था होते.

नटाच्या आट्यांना तांब्याची पेस्ट लावली. तिच्यातलं ग्रीस आचेने जळून जातं, तांब्याची पूड आट्यांमध्ये राहते आणि पुढच्या वेळी पाना फिरू देते. स्टडच्या हेडमध्ये जाणाऱ्या टोकाला मात्र तांबं नसलेली पेस्ट लावली, कारण खाऱ्या हवेत तांबं आणि ॲल्युमिनियम शेजारी आले की ॲल्युमिनियम झिजतं. आवळताना दोन्ही नट आळीपाळीने, थोडे-थोडे, म्हणजे कडी सरळ बसते. सहाच्या स्टडला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरतात; टी पान्याच्या आडव्या दांडीला दोन बोटांनी द्यावा इतकाच जोर. मग गाडी तापवून गार होऊ द्यायची आणि एकदा पुन्हा तपासायचं, कारण नवी कडी पहिल्या तापात दबते.

ईशान्येकडचा पाऊस सरला की, पोंगलच्या सुट्टीत, मी हे दोन नट सैल करून, पुसून, पेस्ट लावून पुन्हा आवळतो. तात्या दारात उभं राहून बघतात. गेल्या वेळी त्यांनी भट्टीवरच्या धुराड्याकडे बोट केलं. त्याच्या पट्ट्यांचे बोल्ट तेजाबाच्या धुरात इतकी वर्षं आहेत की षटकोन कुठे होता हेही ओळखू येत नाही, आणि पत्रा बदलायची वेळ आली आहे. त्यांच्याखाली दुसरं काही जपायचं आहे का, ते मी आधी पाहिलं. नाही, साधी लोखंडी चौकट आहे. कापून काढले तरी चालतील. तरी येत्या रविवारी ब्रश आणि तेलाने सुरुवात करतो, आणि अण्णांनाही बोलावलं आहे.